पहाटे तीनला जाग येत असेल तर

मार्चअखेरच्या वसुलीचा भार असलेला पतसंस्थेतील कर्मचारी असो, की वाशीच्या बाजारात पाठवलेल्या पेट्यांची पट्टी, म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब, न आल्याने काळजीत पडलेला आंबा बागायतदार, ताणाच्या दिवसांत पहाटे तीनलाच जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही, अशी तक्रार कोकणात अनेक घरांत ऐकू येते. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच हलकी होते आणि त्याच सुमारास शरीरातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागते. त्यामुळे एरवी कूस बदलून विसरली गेली असती अशी जाग मन चिंतेत असताना पुरती जाग होते.

अशा वेळी घड्याळ पाहू नये. साधारण वीस मिनिटांत झोप लागत नाही असे वाटले, तर अंथरूण सोडून पडवीत मंद दिव्याखाली काही साधे वाचत बसावे आणि पेंग आल्यावरच पुन्हा आडवे व्हावे. मोबाईल हाती घेऊ नये. नोकरी सोडावी का, बाग विकावी का, यांसारखे निर्णय त्या वेळी मुळीच घेऊ नयेत, कारण तेव्हा प्रत्येक अडचण आहे त्याहून मोठी दिसते.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान होते ते राहिलेली झोप भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी लवकर निजल्याने किंवा दुपारी ताणून दिल्याने. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवावी. दुपारनंतर चहा टाळावा. दारूने झोप लवकर लागली तरी पहाटेची झोप मोडते. सायंकाळी सूर्यास्तापर्यंत किनाऱ्यावर चालावे, कारण त्या वेळचा उजेड पहाटेची जाग उशिरावर नेण्यास मदत करतो. दिवेलागणीला चिंता वहीत उतरवाव्यात. मात्र ‘पट्टी आली नाही’ एवढेच न लिहिता ‘उद्या दहाला दलालाला फोन’ असे पुढचे पाऊलही लिहावे.

पहाटे जाग येण्याबरोबरच उदासी, कशातही रस न वाटणे, जेवणावरची वासना उडणे हे दोन आठवडे टिकले, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवावे. झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. जगणे नकोसे वाटू लागले, तर उजाडण्याचीही वाट न पाहता घरच्यांना उठवावे आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत असून चोवीस तास चालते.