बंगाई कार्डिनल मासा पाळताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ नराने खाणं सोडलं की होतो. लोक घाबरतात, आजारी समजून औषध टाकतात, जाळीने धरून दुसऱ्या टँकमध्ये हलवतात आणि त्या झटापटीत तो तोंडातली अंडी थुंकून टाकतो, संपला विषय. आधी जबडा बघा ना, खालून फुगलाय का? या माशात मादी अंडी देऊन मोकळी होते, पुढचं सगळं बापाकडे. साधारण 20 दिवस अंडी तोंडात, पिल्लं फुटल्यावरही आठवडाभर तोंडातच, आणि तोवर तो जवळपास उपाशी. त्याला त्याच्या कोपऱ्यात राहू द्या. पण जबडा फुगलेला नाही, अंग काळपट पडलंय, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी येतेय तर तो इरिडोव्हायरस नावाच्या विषाणूचा आजार असू शकतो, आणि त्यावर औषध नाही. म्हणून नवीन मासा क्वारंटाईन केल्याशिवाय मेन टँकमध्ये टाकायचाच नाही.

दुसरी चूक म्हणजे छान दिसतात म्हणून लहान टँकमध्ये सहा-सात एकदम. लहानपणी गोडीत राहतात, पण एक जोडी जमली की बाकीच्यांना मारून मारून संपवतात. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे पिल्लांचा गट घ्या, जोडी जमली की उरलेले लगेच बाहेर काढा.

पिल्लं मोठ्यांसोबत ठेवू नका, आईबापच खातात. समुद्रात ती लांब काट्यांच्या सी अर्चिनमध्ये (गोल, काटेरी समुद्री प्राणी) लपतात, टँकमध्ये काळ्या केबल टायचं खोटं अर्चिन पण चालतं. पहिल्या दिवसापासून नुकतीच फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) खातात, मात्र ती एनरिच करून, म्हणजे आधी तिलाच पोषक खाऊ घालून द्या, नाहीतर फॅटी ॲसिड कमी पडतं आणि नुसता लाईट लावला तरी दचकून मरतात.

आणि प्लीज, समुद्रातून पकडलेला घेऊ नका, टँकमध्ये ब्रीड केलेलाच मागा. हा मासा मुळात फक्त इंडोनेशियात, सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांभोवती सापडतो, 2007 पासून आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत धोक्यात आहे. याची पिल्लं प्रवाहाबरोबर लांब वाहत जात नाहीत, बापाच्या तोंडातून निघाली की तिथेच राहतात, त्यामुळे एखाद्या बेटाजवळचे सगळे पकडले की दुसरीकडून नवे येऊन ती जागा भरत नाही.

पिल्लं जास्त झाली तर समुद्रात मात्र सोडू नका. सुलावेसीच्याच उत्तर टोकाजवळच्या लेंबे सामुद्रधुनीत व्यापारातून असेच सुटलेले मासे आता मूळ धरून बसलेत. त्यापेक्षा दुसऱ्या पाळणाऱ्याला देऊन टाका.