चेकवर ‘भाडं’ लिहिण्याआधी

एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेली मुलं-मुली मला हल्ली विचारतात, ‘ताई, आपत्तीनंतरच्या पुनर्वसनात यायचंय, कुठला कोर्स करू?’ मी उलट विचारते, पावत्या सांभाळायची सवय आहे का? त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. २०१९च्या जानेवारीत मला कुणी हे विचारलं असतं तर मलाही तसंच वाटलं असतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको शहरात होते. ८ नोव्हेंबर २०१८ला सकाळी साडेसहाच्या सुमारास तिथून पूर्वेला, पुल्गा नावाच्या वस्तीजवळ, पीजी अँड ई कंपनीच्या वीजवाहिनीवरचा एक हुक तुटला. त्या हुकाचं वय शंभरीच्या आसपास होतं आणि तो पार झिजलेला होता. तार सुटली, ठिणग्या पडल्या, वारा सुसाट होता. दुपार व्हायच्या आत पॅराडाइज गावाचा मोठा भाग पेटला होता. ८५ माणसं गेली, त्यात म्हातारी माणसं फार. १८,००० हून जास्त इमारती जळाल्या. गावात आधी सव्वीसेक हजार लोक राहत होते. २०२०च्या जनगणनेत ४,७६४ उरले. हीच ती ‘कॅम्प फायर’. हे तुम्ही वाचलेलं असेल, म्हणून इथेच थांबते.

आगीनंतर आठवड्याभरात मी स्वयंसेवक म्हणून ब्लँकेटं वाटत होते आणि दोन महिन्यांत एका संस्थेत केसवर्कर झाले, म्हणजे एकेका कुटुंबाला मदत मिळेपर्यंत त्याच्या मागे राहणारी कार्यकर्ती. माणसं हवी होती, माझ्याकडे पदवी होती. अनुभव शून्य. म्हणजे मुंबईतल्या वस्त्यांमधला अनुभव होता आणि तेवढ्यावर आपल्याला हे जमेल असा माझा समज होता.

केसवर्करचं काम काय, हे तुम्हाला माहीत आहे. कुटुंब, गरजा, योजना, पाठपुरावा. पुस्तकात हे चार शब्द एका ओळीत बसतात. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत समोरचा माणूस त्या सकाळची गोष्ट सांगतो. स्कायवे रस्त्यावर गाड्या कशा अडकल्या, दिवसा अंधार कसा झाला, गाडीच्या काचा हाताला कशा गरम लागत होत्या. पहिल्या महिन्यात मी दोनदा लोकांना मधेच तोडलं, कारण माझ्या फॉर्मचं पान दोन रिकामं होतं. तुम्ही हे करू नका. फॉर्म पुढच्या भेटीत भरता येतो. आणि कुणाला ‘निदान जीव तरी वाचला’ असं चुकूनही म्हणू नका, त्यांना ते आधीच शंभर जणांनी ऐकवलेलं असतं.

आता मी जिथे फसले, त्याबद्दल. हे लांबणार आहे, कारण ते मला थोडक्यात सांगितलं गेलं होतं आणि म्हणूनच कळलं नव्हतं.

एक जोडपं होतं. त्यांना मी मनात आजी-आजोबाच म्हणायचे, तोंडावर अर्थात नावानं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मोबाइल होम पार्कमध्ये राहायचे, म्हणजे घर स्वतःचं आणि खालची जागा भाड्याची. विमा नाही. चिकोत आगीआधीच रिकामी घरं मोजकी होती, त्यात हजारो माणसं एकदम येऊन पडलेली. त्यांना एका ओळखीतून दोन खोल्या मिळाल्या, पण भाडं झेपणारं नव्हतं. मी धावपळ केली, एका धर्मादाय निधीतून दोन महिन्यांचं भाडं मंजूर करून घेतलं. मंजुरीच्या पत्रात मीच लिहिलं: भाडं, जानेवारी आणि फेब्रुवारी. चेक थेट घरमालकाच्या नावे. मी त्या रात्री नवऱ्याला कौतुकानं सांगितलं की बघ, एका आठवड्यात काम झालं.

मला हे विचारायचं सुचलंच नाही की फेमाकडून, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या आपत्ती संस्थेकडून, त्यांना काय आलंय. आलं होतं. त्याच दोन महिन्यांचं भाडं, थेट बँकेत. आजोबांना वाटलं, भाड्याचं तर त्या मुलीनं बघितलं, मग हे पैसे मोकळे आहेत. त्यांनी जुना ट्रक घेतला. त्यात चूक काय? ट्रकशिवाय ते डॉक्टरकडे जाऊच शकत नव्हते. आणि मार्चमध्ये पुढच्या महिन्यांच्या भाड्यासाठी अर्ज केला तेव्हा प्रश्न आला: आधी दिलेली रक्कम भाड्यावर खर्च केल्याच्या पावत्या दाखवा. भाड्याच्या पावत्या होत्या, पण त्यावर धर्मादाय निधीचं नाव होतं. अर्ज नामंजूर.

या नियमाचं मर्म एका वाक्यात असं की एकाच गरजेसाठी, एकाच काळासाठी, दोन ठिकाणचे पैसे घेता येत नाहीत. विम्यानं ज्याचे पैसे दिले त्याचे सरकार देत नाही. सरकारनं ज्याचे दिले त्याचे पुन्हा धर्मादाय निधीनं दिले तर नंतर कुणीतरी ते वजा करतं, किंवा परत मागतं. हे मला प्रशिक्षणात एका स्लाइडवर दाखवलं होतं. मी मान डोलावली होती. मला वाटलं हा लबाड लोकांसाठीचा नियम आहे, दोनदा हात मारणाऱ्यांसाठी. माझ्या लक्षात आलं नाही की हा नियम सगळ्यात आधी साध्या माणसाला लागतो, कारण लबाड माणूस कागद नीट ठेवतो.

आणि हे फक्त भाड्याचं नाही. जळालेल्या जागेवरचा राडारोडा सरकारी खर्चानं काढून घ्यायचा तर मालकाला जागेत शिरण्याच्या परवानगीचा फॉर्म भरावा लागायचा, आणि त्याच्या विम्यात राडारोड्यासाठी वेगळी रक्कम असेल तर ती काउंटीकडे, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे, द्यावी लागायची. नियम तोच. पण ज्यांनी ती रक्कम आधीच पोटापाण्याला खर्च केली होती त्यांना हे वाचून धक्का बसला. लोकवर्गणीचंही तसंच. भाचीनं प्रेमानं ऑनलाइन वर्गणी काढली आणि वर लिहिलं ‘काकांच्या नव्या घरासाठी’. झालं, त्या पैशांना आता काम नेमून दिलं गेलं. ‘काकांना आधार’ इतकंच लिहिलं असतं तर पैसे मोकळे राहिले असते. एका शब्दानं एवढा फरक पडतो.

म्हणून मी नंतर एक कागद करायला लागले. सॉफ्टवेअर नाही, साधा आडवा कागद. वर महिने. खाली ओळींत गरजा: डोक्यावर छप्पर, गाडी, औषधं, चष्मा, कामाची अवजारं, राडारोडा, पुन्हा बांधकाम. प्रत्येक चौकटीत ज्यानं पैसे दिले त्याचं नाव आणि तारीख. कुठलाही नवा चेक मागण्याआधी त्या कागदावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: कुठली गरज, कुठला महिना, चौकट रिकामी आहे का? भरलेली असेल तर तिथे पैसे टाकू नका, शेजारची रिकामी चौकट शोधा. आजी-आजोबांच्या बाबतीत गाडीची चौकट पूर्ण रिकामी होती. धर्मादाय निधीनं ट्रक घेऊन दिला असता आणि भाडं फेमाच्या पैशांतून गेलं असतं तर रक्कम तीच, माणसं तीच, आणि कटकट शून्य. मी फक्त क्रम उलटा लावला होता.

क्रम तोंडपाठ करा. आधी विमा, मग सरकारी मदत, आणि जे कुणाकडूनच होत नाही ते सगळ्यात शेवटी धर्मादाय निधीतून. नवा केसवर्कर हे नेमकं उलटं करतो, कारण धर्मादाय पैसा लवकर मिळतो आणि समोरचा माणूस रडत असतो. अगदी पहिल्या दिवसांतली जेवण, कपडे, निवारा ही मदत वेगळी, ती बिनधास्त द्या. मी बोलतेय ते त्यानंतरच्या महिन्यांबद्दल.

इथे एक शॉर्टकट तुम्हाला कुणीतरी नक्की शिकवेल: ‘पत्रावर दुसरंच कारण लिही, कोण बघतंय?’ मलाही एकीनं सांगितलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, एक अख्खी संध्याकाळ मी त्यावर विचार केला. नका करू. पकडले जाल म्हणूनच नव्हे. पकडला जाईल तो तुमचा क्लायंट. सही त्याची असते, परत मागणीचं पत्र त्याच्या पत्त्यावर जातं. तुम्ही तोवर दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या आगीवर असता.

आम्ही अपील केलं. मुदत साठ दिवसांची, त्यातले बारा मी शरमेत घालवले होते. निधीकडून खुलाशाचं पत्र घेतलं, ट्रकची खरेदीपावती जोडली, डॉक्टरांच्या भेटींच्या तारखा जोडल्या आणि चूक माझी होती हे स्पष्ट लिहिलं. तीन महिने लागले. शेवटी पुढचं भाडं मिळालं. त्या तीन महिन्यांत आजी मला एकदाही टाकून बोलल्या नाहीत आणि तेच मला जास्त लागलं.

तयार अपीलपत्रांचे नमुने वाटणाऱ्यांवर माझा राग आहे, तो इथे ओकून घेते. नमुना वापरला की माणूस नामंजुरीचं पत्र वाचतच नाही. ते पत्र वाचलं तर अर्ध्या वेळा दिसतं की नकार नाहीच, एखादा कागद कमी आहे: राहण्याचा पुरावा, मालकीचा पुरावा, विमा कंपनीचं उत्तर. ज्याचं घर कपाटासकट जळालं त्याच्याकडे मालकीचा कागद मागतात याचा संताप येतोच. येऊ द्या, आणि मग वीजबिलाची प्रत काढायला जा.

जुन्या लोकांच्या सल्ल्याबाबतही सावध. माझ्या वेळी अनेकांना आधी एसबीएच्या, म्हणजे लघुउद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेच्या, आपत्ती-कर्जाचा अर्ज भरावा लागायचा, तो भरला नाही तर काही मदत अडायची. लोक म्हणायचे, आम्हाला कर्ज नकोय, आणि फॉर्म फेकून द्यायचे. ती अट मार्च २०२४मध्ये काढली. तरी आजही हवाईतल्या, २०२३च्या आगीत जळालेल्या लाहायनासारख्या ठिकाणी जाऊन आलेले लोक मला विचारतात, ‘तो कर्जाचा फॉर्म आधी ना?’ नियम दर वेळी त्या वर्षाचे वाचा. माझेही २०१९-२०चे आहेत.

मार्गदर्शकांबद्दल. मला दोन मिळाले. एक जण प्रत्येक चक्रीवादळाची कहाणी सांगायचे, ज्यात शेवटी तेच नायक. त्यांच्याकडून मी काहीही शिकले नाही. दुसऱ्या एक निवृत्त शाळामास्तरीण, चर्चच्या स्वयंसेवक, कुठलंही प्रमाणपत्र नाही. त्या माझ्या फाइली उघडून फक्त तारखा बघायच्या आणि म्हणायच्या, ‘यानंतर तू अकरा दिवस गप्प का होतीस?’ असा माणूस शोधा. आठवड्याभराचे ऑनलाइन कोर्स करायचे तर करा, बायोडेटाला बरे दिसतात.

घाबरवतेय असं वाटत असेल तर सांगते, चुका दुरुस्त होतात. माझ्या बहुतेक झाल्या. पण हे काम लवकर संपत नाही, तेवढी तयारी ठेवा. राडारोडा निघाला तरी पाण्याच्या नळांत बेंझीन हे विषारी रसायन सापडलं, त्यामुळे घर बांधायला तयार असलेली माणसंही थांबली. नुकसानभरपाईचा साडेतेरा अब्ज डॉलरचा करार झाला, पण त्यातला निम्मा भाग त्याच वीज कंपनीच्या समभागांत. कंपनीनं जून २०२०मध्ये न्यायालयात सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कबूल केले, त्या दिवशी एका क्लायंटचा फोन आला: ‘मग माझ्या फाइलचं काय?’ काहीच नाही, मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच काउंटीत बेरी क्रीक जळालं आणि पॅराडाइजमधून तिकडे सरकलेले काही जण दुसऱ्यांदा माझ्यासमोर येऊन बसले. त्या आठवड्यात मी दोन दिवस रजा घेतली. घ्या रजा. न घेणारी माणसं सहा महिन्यांत नोकरी सोडताना मी बघितली आहेत.

आणखी एक. अहवालात ‘परत आले’ हा रकाना असतो आणि देणगीदारांना तोच आवडतो. गाव सोडून दुसरीकडे बरं चाललेलं कुटुंब मग अपयशात मोजलं जातं. मला हे पटत नाही आणि मी दर अहवालात तसं लिहीत आले.

केस मॅनेजमेंटचा सरकारी निधी आपत्ती जाहीर झाल्यापासून चोवीस महिन्यांचा. आमचा नोव्हेंबर २०२०मध्ये संपला. शेवटच्या भेटीला आजी-आजोबांकडे गेले तर माझा तो आडवा कागद फ्रिजवर चिकटवलेला, दोनदा जोडपट्टी लावून वाढवलेला. शेजारच्या बाईंना त्याच आठवड्यात कुठल्याशा संस्थेनं मदत देऊ केली होती. आजोबांनी त्यांना सही करू दिली नव्हती. मी चप्पल काढायच्या आत ते पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘इथे भाडं लिहिलंय. कुठला महिना ते आधी विचार.’