लेगो टेक्निकमध्ये उसाचा ट्रॅक्टर : आधी गिअर, मग बोनेट

लेगो टेक्निक म्हणजे लेगोचा भोकांच्या पट्ट्या (बीम), पिना, एक्सल आणि गिअर असलेला प्रकार. त्यात मोटरवाली गाडी स्वतःच्या डिझाइननं बनवायची म्हणलं की बरेच जण थेट सुपरकार नाहीतर परदेशातला मोठा ट्रक धरतेत, आठ दिवस बॉडी सजवतेत, आणि शेवटी मोटर बसवायला आत जागाच राहत नाही. माझं म्हणणं आहे की पहिली गाडी ट्रॅक्टरच बनवा. आपल्याकडं लातूर, धाराशिव, बीड, परभणी कुठंही जा, गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर रांगेनं दिसतेत, आणि ट्रॅक्टरचं सगळं मशीन उघडं असतं, एक्सल कुठं, स्टिअरिंगचा रॉड कुठं, ट्रॉलीची पिन कुठं हे वाकून बघितलं की कळतं. फोटोवरून अंदाज लावायची गरज नाही, टेप घेऊन मोजता येतंय.

तर सुरुवात टेपनंच करायची. मागच्या टायरची उंची, पुढच्या टायरची उंची, दोन्ही एक्सलमधलं अंतर आणि मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी, एवढे चारच आकडे लागतेत. पन्नास एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक साधारण 1300 मिमी भरतं असं धरू. आता लेगोचे टायर ठरलेल्याच साइजमध्ये येतेत, आपल्याला पाहिजे तो साइज मिळत नसतो, त्याच्यामुळं स्केल कधीही टायरवरूनच ठरवायचा. 107 मिमीचा एक खास ट्रॅक्टर टायर आहे, नक्षी पण शेतातल्या टायरसारखीच आडवी-तिरपी, 2016 च्या क्लास झेरियन ह्या ट्रॅक्टरच्या सेटमध्ये आला होता. 1300 भागिले 107 म्हणजे जवळपास 12. झाला आपला स्केल, 1 ला 12. पुढचं चाक 740 मिमी असलं तर 12 नं भागून 62 येतं, आणि 62.4 मिमीचा टायर लेगोत आहेच, असा मेळ बसला की लई बरं वाटतं. एक्सलमधलं अंतर 1930 मिमी असेल तर मॉडेलमध्ये 161 मिमी.

हे मिमी आता भोकांत बदलायचे. लेगोत एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत 8 मिमी असतं, त्याला एक घर म्हणू, म्हणजे 161 मिमीला 20 घरं. इथं नवीन माणूस हमखास फसतो, 20 घरं म्हणजे 20 भोकं नाहीत, 21 भोकं लागतेत, कारण आपण भोकांमधलं अंतर मोजतोय. सरळ बीम सहसा जास्तीत जास्त 15 भोकांचा मिळतो, म्हणून दोन बीम एकमेकांवर चार-पाच भोकं चढवून जोडायचे, आणि तो जोड मधोमध न ठेवता मोटरच्या खाली घ्यायचा, तिथं मोटर पण पिननं बसते आणि जोडाला आपोआप बळ मिळतं. रुंदी खऱ्या ट्रॅक्टरची 1750 धरली तर 146 मिमी म्हणजे 18 घरं येतेत, पण मी 19 घेईन. ही रुंदी कडेपासून कडेपर्यंतची आहे, म्हणून इथं जेवढी घरं तेवढीच भोकं. विषम रुंदी घेतली की बरोबर मधल्या रेषेवर भोक येतं आणि मोटरपासून मागं जाणारा एक्सल सरळ मधून काढता येतो, सम घेतली तर सगळं अर्धं भोक सरकतं आणि मग जुळवाजुळवीतच जीव जातो.

आता खरं काम, गिअर. लेगोचे गिअर दात्यांवरून ओळखायचे, 8, 12, 16, 20, 24, 28, 36, 40. दोन गिअरच्या दात्यांची बेरीज करा आणि 16 नं भागा, जे येईल तेवढ्या घरांवर ते दोन एक्सल ठेवायचे. 8 आणि 24 ची बेरीज 32, म्हणजे 2 घरं. 8 आणि 40 ची 48, म्हणजे 3 घरं. 12 आणि 20 पण 2 घरं. पूर्णांक नाही आला तर ती जोडी साध्या बीमवर बसणार नाही, एवढा एक हिशोब पाठ असला की निम्मं डिझाइन वहीतच होतं.

वेगाचा हिशोब तर अजून सोपा आहे. मॉडेलचं चाक मिनिटाला जेवढे फेरे मारतंय तेवढेच फेरे खऱ्या चाकानं मारले तर खरा ट्रॅक्टर किती वेगानं गेला असता, तोच आपल्या मॉडेलचा स्केलमधला वेग. खऱ्या चाकाचा परीघ साधारण 4.08 मीटर. पॉवर फंक्शन्स ह्या लेगोच्या जुन्या मोटर-बॅटरीच्या सिस्टिममधली एक्सएल मोटर 9 व्होल्टला बिनलोड साधारण 220 फेरे मारते. तिच्यापुढं एकूण 4.2 चा रिडक्शन लावला, म्हणजे मोटरचे 4.2 फेरे झाले की चाकाचा एक, तर चाकाचे फेरे 52 होतेत, म्हणजे मिनिटाला 212 मीटर, म्हणजे ताशी पावणेतेरा किलोमीटरच्या आसपास. ऊस भरलेला ट्रॅक्टर साधारण अशाच चालीनं जातो. चार्जिंगचे सेल वापरले तर एकेक 1.2 व्होल्टचा, सहाचे 7.2, त्यात ट्रॉलीचा लोड, म्हणजे चाल अजून उतरणार, तरी बघायला एकदम खरी वाटते. मोटर थेट चाकाला लावून पळवलं तर ट्रॉली लावल्याबरोबर जागेवर थांबतंय.

हे 4.2 आणायचं कसं ते नीट वाचा, कारण कुठला गिअर कुठं लावला ह्याच्यावर गाडी टिकणार का तुटणार ते ठरतं. मोटरच्या एक्सलवर 20 दात्यांचा बेव्हल गिअर (तिरप्या कडेचा, जोर काटकोनात वळवणारा), तो फिरवतो 28 दात्यांच्या डिफरेन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा जोड), हे झालं 1.4. डिफरेन्शियलच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या एक्सलवर 8 दात्यांचा गिअर, आणि तो फिरवतो चाकाच्या एक्सलवरच्या 24 ला, हे झालं 3. गुणाकार 4.2. कोणी म्हणेल की 3 चा रिडक्शन मोटरच्या तोंडाशीच लावू, सोपं पडतंय. सोपं पडतंय खरं, पण मग तिप्पट झालेला जोर डिफरेन्शियलमधल्या बारक्या 12 दात्यांच्या गिअरांवर येतो आणि चढावर कट कट कट आवाज सुरू होतो. जोर वाढवायचा तो शेवटी, चाकाजवळ. खऱ्या ट्रॅक्टरमध्ये पण असंच असतंय, डिफरेन्शियलच्या नंतर बुल गिअर, म्हणजे चाकाजवळचा मोठा गिअर असतो, गावातल्या कुठल्याही ट्रॅक्टर मेकॅनिकला विचारा, मागचा एक्सल खोललेला असला तर तो दाखवेल पण. आपण तेच बारीक करून बसवतोय, आणि ह्याचा अजून एक फायदा म्हणजे डिफरेन्शियल चाकाच्या मध्यापेक्षा 2 घरं वर जातं, पोटाखाली जागा वाढते.

डिफरेन्शियल टाळू नका. ते नसलं तर वळताना आतलं चाक घासत जातं, कारण बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि दोघं एकाच एक्सलवर अडकलेले असतेत. एवढे मोठे टायर असले तर गाडी वळतच नाही, सरळ ढकलली जाते.

गिअर कितीही बरोबर निवडले तरी ते धरून ठेवणारी चौकट ढिली असेल तर लोड आला की दोन एक्सल एकमेकांपासून लांब पळतेत आणि दाते सुटतेत. म्हणून 5 बाय 7 ची बंद चौकट मिळते ना, डिफरेन्शियल त्याच्या आतच बसवा, त्याच मापासाठी ती लोकांची आवडती आहे. प्रत्येक एक्सलला दोन्ही बाजूंनी आधार पाहिजे, एका बाजूनं लटकणारा गिअर म्हणजे आजारी गिअर. बीम एकावर एक ठेवून नुसत्या पिना टोचू नका, वरचा आणि खालचा बीम उभ्या बीमनं बांधा. पिनांचं पण सांगतो, काळी पिन घट्ट बसते ती जोडायला, करडी सैल असते ती फिरणाऱ्या जागेला, उलटं केलं तर जे फिरायला पाहिजे ते अडकतं आणि जे अडकायला पाहिजे ते हलतं.

पुढचा एक्सल हा ट्रॅक्टरचा सगळ्यात सुंदर भाग आहे असं मला वाटतं. खऱ्या ट्रॅक्टरला पुढं स्प्रिंग नसते, अख्खा एक्सल मधल्या एका पिनवर झुलतो, एक चाक ढेकळावर चढलं तरी दुसरं जमिनीवरच. मॉडेलमध्ये पण तेच करा, पुढचा एक्सल एका आडव्या बीमवर बांधा आणि तो चेसीला बरोबर मधोमध, गाडीच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या एकाच एक्सलवर टांगा. दोन्ही बाजूंना थोडंसंच झुलेल असा अडसर ठेवा. अंगणात, फरशीच्या फटीवर, काळ्या मातीच्या ढेकळांवर गाडी चारही चाकांवर उभी राहते, कसलीही महागडी सस्पेन्शन लागत नाही.

स्टिअरिंगला पॉवर फंक्शन्सची सर्व्हो मोटर असेल तर उत्तम, रिमोट सोडला की आपोआप सरळ येते. लेगोच्या नवीन, ब्लूटूथवाल्या कंट्रोल प्लस प्रकारातली एल मोटर असेल तर तिला आपण किती फिरलो ते कळतं, ॲपमध्ये मधली जागा ठरवून देता येते. दोन्ही नसून साधी एम मोटर असेल तर मध्ये तो पांढरा 24 दात्यांचा क्लच गिअर घाला, त्याच्यावर 2.5 आणि 5 एनसीएम (पिळाच्या जोराचं माप) असं छापलेलं असतं, चाक पूर्ण वळलं की तो आतल्या आत घसरतो, मोटर जळत नाही आणि दाते पण तुटत नाहीत. दोन पुढच्या चाकांना जोडणारा रॉड किंगपिनच्या (चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्या) मागं घ्या आणि किंगपिनमधल्या अंतरापेक्षा थोडा आखूड ठेवा, म्हणजे वळताना आतलं चाक जास्त वळतं.

बॅटरी बोनेटखाली. सहा पेन्सिल सेलचं वजनच दीडशे ग्रॅमच्या आसपास जातंय, आणि ते पुढं असलं तर ट्रॉली ओढताना नाक उचलत नाही. जास्त ऊस भरला की खऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतेत ते तुम्ही पाहिलं असेल, ते तसंच इथं पण होतं, म्हणून ट्रॉलीची पिन पण खाली ठेवा, मागच्या एक्सलच्या उंचीपेक्षा खाली. पिन वर घेतली की ट्रॅक्टर मागच्या मागं उलटायला बघतो.

कुठली सिस्टिम घ्यावी, तर पॉवर फंक्शन्स 2007 ला आलेली, आता कंपनीनं बंद केलेली, सेकंडहँड मिळते आणि वायर जोडायला एकदम साधी आहे, पण तिचा रिमोट इन्फ्रारेडचा, आणि आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात तो जवळजवळ आंधळाच होतो, घरात नाहीतर संध्याकाळी चालवायची. नवीन कंट्रोल प्लसचा हब, म्हणजे बॅटरी आणि कंट्रोलचा डबा, ब्लूटूथवर चालतो, चार पोर्ट, मोबाइल हाच रिमोट, उन्हाचा प्रश्न नाही. बजेट कमी असेल तर लेगोशी जुळणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांचे ब्लॉक आणि मोटर घ्या, मूळ पेटंट कधीच संपलेलं आहे त्यामुळं त्यात चोरीचं काही नाही, फक्त एक बघा, बीम स्वस्तातले चालतेत पण गिअर, एक्सल आणि डिफरेन्शियल चांगलेच घ्यायचे, स्वस्त एक्सल लोडखाली पिळला जातो. आणि पार्ट ऑर्डर करायच्या आधी ब्रिकलिंक स्टुडिओ ह्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये गाडी बांधून बघा, एका पार्टमध्ये दुसरा घुसतोय का ते ते दाखवतं, आणि पार्टची यादी पण काढून देतं.

चेसी बिनबॉडीची चालवून बघा, दोन-तीन जाड पुस्तकं ट्रॉलीत टाकून, घराच्या उंबऱ्याला लावलेल्या फळीच्या चढावर. चढली, वळली, कुठं आवाज नाही, मगच बोनेटला हात लावा. रंग लाल घेतलेला बरा, आपल्याकडं लाल ट्रॅक्टर भरपूर आणि लाल पार्ट पण सहज मिळतेत. ब्लॉकला ऑइल पेंट मारू नका, थर चढला की पार्ट एकमेकांत बसत नाहीत. नाव टाकायचं तर गाड्यांचे रेडियम कापणाऱ्याकडं जा, मोबाइलवर डिझाइन दाखवा, बोनेटच्या मापात "आई तुळजाभवानी" बारीक अक्षरात कापून देतो, अक्षर एक सेंटीमीटरच्या खाली मात्र मागू नका, वेलांट्या सुटतेत.

अंगणात चालवली की गिअरमध्ये फुफाटा जातो, तो आधी कोरड्या ब्रशनं काढा, तेल अजिबात लावू नका, तेलाला माती चिकटते आणि दाते घासतेत. मोटर, हब काढून बाकीचे पार्ट साबणाच्या पाण्यात धुता येतेत, पण पाणी 40 डिग्रीच्या आतलं पाहिजे असं कंपनीच सांगते. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी त्याच्या वर असतं, म्हणून धुवायचं काम सकाळी लवकर करा, वाळवायला सावलीत पसरा, आणि सेल काढून ठेवल्याशिवाय गाडी कपाटात टाकू नका.