सिंधुदुर्गात रेसिडेन्सीला जाण्यापूर्वी

कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यात रेसिडेन्सी, म्हणजे महिनाभर तिथेच राहून कलेचं काम करायचं ठरलं असेल, तर बॅग भरण्याआधी कालनिर्णय समोर घ्या. आषाढापासून चतुर्थीपर्यंत इथे गावोगावच्या गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागा, चालू असतात. घराघरातून आलेले पाट भिंतीला टेकवून ठेवलेले, दिवसभर मातीकाम, शेवटच्या आठवड्यात रात्रीसुद्धा रंगकाम. हात मळवायची तयारी असेल तर याहून चांगला काळ नाही. नुसतं बघायचं आणि प्रश्न विचारायचे असतील तर मात्र चतुर्थी होऊन जाऊ द्या, त्या दिवसांत कुणाला मान वर करायलाही सवड नसते. दशावतार हे इथलं लोकनाट्य बघायचं तर कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की जा, आणि खेळ रात्रभर चालतो हे धरून दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाचे स्केच करायचे असतील तर पावसाळा नको. समुद्र खवळलेला असतो, शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते.

किनाऱ्यावर काम करणाऱ्याने भरतीचं गणित पाठ करून जावं. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. म्हणजे अष्टमीला सहाच्या आसपास. जागेप्रमाणे वेळ पुढेमागे होते, म्हणून पहिल्या दिवशीच एखाद्या मच्छीमार काकांना विचारून फरक वहीत लिहून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खडकावर सामान मांडून बसू नका.

कुणाकडे काय शिकायचं, हे निघण्याआधी ठरवा. ‘कोकणातली कला’ एवढ्यावर निघालात तर महिना फिरण्यातच जाईल. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवताना बघता येतात. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही मोडकळीला आलेली कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफात 120 गोल पानं असतात: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यात राजा, वजीर आणि एक ते दहा. एवढं घोकून गेलात तरी समोरचा माणूस पुढचं मनापासून सांगतो. लाकडी फळं-खेळण्यांसाठी सावंतवाडीतलीच चितारआळी. चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि बाहुल्यांच्या खेळासाठी कुडाळजवळचं पिंगुळी, तिथल्या ठाकर समाजाची ही परंपरा. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

पैशाचं आधी बोला. शिकायला आलोय या सबबीवर कारागिराचा अख्खा दिवस फुकट घेणारे फार झालेत. दिवसाचा मोबदला, फोटो-व्हिडिओची परवानगी, आणि त्यांचे नमुने तुमच्या कामात वापरणार असाल तर त्यांचं नाव कुठे आणि कसं येईल, हे सगळं जाण्यापूर्वी फोनवर ठरवा आणि मेसेजमध्येही लिहून पाठवा. चित्रकथीच्या पोथीतली जुनी चित्रं विचारल्याशिवाय हाताळायची नाहीत.

आता सामान. पावसाळ्यात जाणार असाल तर इथली दमट हवा तुमच्या कामाचं वेळापत्रक ठरवते. सकाळी वॉटरकलरचा पहिला हात दिलात तर दुपारी जेवून आल्यावरही कागद हाताला गार लागतो, आणि दुसरा हात घाईने दिलात की कडा फुटतात. जाड कागद थोडाच न्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. कॅमेऱ्याच्या लेन्सना बुरशी धरते, त्याही त्याच डब्यात. हेअर ड्रायरच्या भरवशावर राहू नका, मोठ्या पावसात वीज जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. पॉवर बँक आणि बॅटरी हवीच. पायाला जखम असताना भाताच्या खाचरात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. गमबूट घ्या, ताप आला तर अंगावर काढू नका. मालवणी येत नसेल तर साधं मराठी बोला, ओढूनताणून हेल काढलेला लगेच कळतो.

गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. चतुर्थीच्या सुमारास निघणार असाल तर उघडल्या क्षणीच काढा, काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, तेव्हा परतीच्या दिवशी पुढचं कुठलंही काम लावू नका. ओल्या मातीचं काम परत आणणार असाल तर ते वाळायला शेवटचा आठवडा राखून ठेवा.