लिनक्सवर लॅपटॉपचा कीबोर्ड चालत नसेल तर: दोष शोधण्यापासून कर्नलला पॅच पाठवण्यापर्यंत

नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकला, वायफाय लागले, आवाज आला, पण कीबोर्ड दाद देत नाही. दुकानात नेला तर ‘विंडोज घालून घ्या’ असे सांगतात. ते ऐकण्याआधी थोडा वेळ द्या. अशा बिघाडांपैकी पुष्कळ कर्नलमधल्या (यंत्राशी थेट बोलणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यातल्या) एखाद्या यादीत तुमचे मॉडेल नसल्यामुळे होतात, आणि ते नाव घालणारा छोटा बदल, म्हणजे पॅच, करायला मोठा प्रोग्रामर असण्याची गरज नसते. गरज असते ती तो लॅपटॉप हाताशी असण्याची. कर्नल लिहिणाऱ्यांपाशी बाजारातले सगळे लॅपटॉप नसतात. गोव्यातल्या म्हापशात किंवा साखळी गावात बसून तुम्ही केलेली चाचणी त्यांना दुसरीकडून मिळणार नाही.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. कामापुरता एखादा यूएसबी कीबोर्ड जोडून घ्या.

आधी दोष यंत्राचा की ड्रायव्हरचा?

गोव्याच्या पावसाळ्यात हा प्रश्न सोडून पुढे जाऊ नये. दमट, खारी हवा कनेक्टरांवर गंज चढवते आणि मग चांगल्या ड्रायव्हरलाही (उपकरण चालवणाऱ्या कोडलाही) बोल लागतो. चाचणी सोपी आहे: लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या, यंत्राच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये) शिरा आणि त्याच कीबोर्डाने मेनू वरखाली करून पाहा. तिथेही तो चालत नसेल तर आधी केबल तपासून घ्या. तिथे चालतो आणि लिनक्समध्ये चालत नाही, असे असेल तर दोष बहुतेक सॉफ्टवेअरचा.

मग लिनक्सच्या एखाद्या वितरणाची (डेबियन, उबुंटू यांसारख्या) सर्वांत ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता, लाइव्ह चालवा. दुरुस्ती आधीच झालेली असण्याची शक्यता मोठी असते. तसे निघाले तर नवा कर्नल घ्या, काम संपले.

ओळख आणि नोंदी

‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा पीसीआय मार्गाने जोडलेल्या (वायफायसारख्या) प्रत्येक उपकरणाचा क्रमांक दाखवते. त्यातला पहिला भाग उत्पादकाचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर त्या उपकरणाला कोणताही ड्रायव्हर लागलेला नाही.

‘सुडो डीमेसेज’ने (sudo dmesg) कर्नलच्या नोंदी वाचा. वायफायच्या बाबतीत फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) सापडले नाही अशी ओळ दिसली तर कोड लिहायचे कामच नाही, फर्मवेअरचे पॅकेज टाकले की भागते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तर २०२३ सालच्या १२व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर आधीच असते.

कीबोर्डासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते ती ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल. तिच्यात आय८०४२ (कीबोर्डाचा नियंत्रक) नावाची ओळ असते. लॅपटॉपच्या कळा दाबा आणि फाइल पुन्हा उघडा. आकडा वाढत नसेल तर कळ दाबल्याचा इशारा कर्नलपर्यंत पोहोचतच नाही. काही लॅपटॉपांत इंटरप्ट १ (कीबोर्डाचा हा इशारा) कसा हाताळायचा याबद्दल बायोस एक सांगते आणि कर्नल दुसरे धरून चालतो. त्यातून हा दोष येतो. अशा बोर्डांची यादी कर्नलच्या मूळ कोडात ‘ड्रायव्हर्स/एसीपीआय/रिसोर्स डॉट सी’ या फाइलीत आहे.

एखादे अपडेट झाल्यावर बिघाड सुरू झाला असेल तर वाट वेगळी. ‘गिट’ या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा चांगल्या आणि वाईट आवृत्तीमधले बदल निम्मेनिम्मे करत जाते. हजार बदलांतून दोषी बदल दहा चाचण्यांत सापडतो. चालू असलेली गोष्ट बंद पाडू नये हा कर्नलचा कडक नियम आहे, म्हणून अशा तक्रारीला वजन असते.

नाव घालणे आणि कर्नल बांधणे

‘सिस/क्लास/डीएमआय/आयडी’ या फोल्डरमधल्या ‘बोर्ड नेम’ फाइलीत तुमच्या बोर्डाचे नाव मिळेल. रिसोर्स फाइलीत शेजारच्या मॉडेलची नोंद पाहा, तिच्याच धर्तीवर आपली नोंद जोडा. नाव अक्षर न अक्षर जुळले पाहिजे. याद्या एकाहून अधिक आहेत आणि त्यांचे परिणाम वेगळे, तेव्हा प्रत्येक यादीवरची टिप्पणी वाचूनच जागा निवडा.

हा भाग कर्नलच्या गाभ्यातला आहे, त्यामुळे पूर्ण कर्नल बांधावा (मूळ कोडापासून तयार करावा) लागतो. वापरातली सगळी उपकरणे जोडा आणि ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा. सध्या लोड असलेलीच मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग) निवडली जातात आणि कित्येक तास वाचतात. डेबियन किंवा उबुंटूची कॉन्फिग (कर्नलच्या निवडींची) फाइल घेतली असेल तर ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’ची किंमत रिकामी करा, नाहीतर प्रमाणपत्राची फाइल नाही म्हणून बांधणी अडते. ‘मेक बिनडेब-पीकेजी’ने पॅकेज तयार होते. मध्येच वीज गेली आणि बॅटरीही संपली तरी तीच आज्ञा पुन्हा द्या, राहिलेल्या जागेपासून काम पुढे जाते.

घरी बांधलेल्या कर्नलवर सही नसते, म्हणून बायोसमधला सिक्युअर बूट (सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) तात्पुरता बंद करा. त्याच लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) लावलेले विंडोज असेल तर त्याची रिकव्हरी की आधी जपून ठेवा. जुना कर्नल काढू नका. ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडायच्या) मेनूत तो असू द्या.

पॅच पाठवणे

कीबोर्ड चालला की पुष्कळ जण इथेच थांबतात. कृपा करून थांबू नका. तोच लॅपटॉप डिचोलीतल्या एखाद्या विद्यार्थ्यानेही घेतलेला असतो.

‘गिट कमिट -एस’ने स्वतःच्या नावाची साइन्ड-ऑफ-बाय ओळ (हा बदल देण्याचा हक्क आपल्याला आहे अशी ग्वाही) येते; तिच्याशिवाय पॅच घेत नाहीत. संदेशात मॉडेल, लक्षण आणि चाचणीचा निकाल लिहा. ‘चेकपॅच’ची स्क्रिप्ट चालवून मांडणी सुधारा, ‘गेट मेंटेनर’ची स्क्रिप्ट कोणाला पाठवायचे ते सांगते. पॅच साध्या मजकुरात ‘गिट सेंड-ईमेल’ने पाठवा. जोडफाइल नको. उपकरणाचा क्रमांक किंवा अशी मॉडेलची नोंद स्टेबल कर्नलच्या (आधी निघालेल्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्त्यांच्या) नियमांत बसते, तेव्हा स्टेबलसाठीची सीसी ओळही घाला. मग दुरुस्ती आधीच वापरात असलेल्या आवृत्त्यांतही येऊ शकते.

दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर नम्रपणे आठवण द्या. बदल सुचवले तर करून विषयात ‘व्ही२’ लिहा आणि काय बदलले ते पॅचमधल्या तीन रेघांच्या (---) खाली नोंदवा.