क्रेनिओप्लास्टी 'साधी केस' नाही: न्यूरोसर्जरीच्या नव्या रेसिडेंटसाठी

न्यूरोसर्जरीच्या रेसिडेंटला स्वतः करायला मिळणाऱ्या पहिल्या केसेसपैकी एक म्हणजे क्रेनिओप्लास्टी. "साधी केस आहे, कर तू," म्हणून सीनियर पुढच्या टेबलाकडे वळतात. मेंदूला हात लावायचा नाही, आधी काढलेलं कवटीचं हाड जागेवर बसवायचं, एवढंच तर काम! पण या 'साध्या' केसची गुंतागुंत वेगवेगळ्या अहवालांत १० ते ४० टक्के दिलेली आहे. नियोजित ऑपरेशनला हा आकडा फार मोठा आहे.

आपल्याकडचे बरेच पेशंट बाइकवरून पडलेले तरुण असतात. मेंदूला सूज आली म्हणून कवटीचं हाड काढलेलं असतं आणि ते पोटाच्या कातडीखाली ठेवलेलं असतं. उणे ८० अंशांचा फ्रीझर सगळीकडे नसतो, आणि पोटाला लोडशेडिंगची भीती नाही. हाड कुठे ठेवलंय ते डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा. नाहीतर पोटाच्या एक्स-रेमध्ये कवटी पाहून तालुक्याचा डॉक्टर दचकतो. वॉर्डात असेपर्यंत डोक्याच्या पट्टीवर 'इथे हाड नाही' असं लिहायला विसरू नका.

तीनेक महिन्यांनी पेशंट परत येतो. जंतुसंसर्ग झालेला असेल तर अजून थांबतात. आधी फ्लॅप, म्हणजे हाड काढलेल्या जागेवरची कातडी, बघा. फुगलेला असेल तर सीटी करून हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साचणं) आहे का ते तपासा. आत ओढला गेला असेल आणि पेशंट बसला की डोकं दुखतं, चक्कर येते, आडवा झाला की बरं वाटतं, तर तो सिंड्रोम ऑफ द ट्रेफाइन्ड, म्हणजे कवटीचं हाड नसल्यामुळे होणारा त्रास. ग्रँट आणि नॉरक्रॉस यांनी १९३९ मध्ये हे नाव दिलं. अशा पेशंटला सहज म्हणून लंबर पंक्चर (कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं) करू नका. खालून पाणी काढलं की मेंदू आणखी आत सरकतो.

ऑपरेशनचा खरा वेळ जातो तो थर सोडवण्यात. कातडी, टेम्पोरॅलिस (कानशिलाचा स्नायू) आणि ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून आधीच्या ऑपरेशनच्या ओटी नोट्स आधी वाचा: ड्युरा शिवला होता की नुसता झाकला होता? आधी हाडाची कड शोधा आणि ती धरून गोल फिरा. मधूनच घुसलात तर ड्युरा फाटलाच म्हणून समजा. हाड वापरण्याजोगं नसेल तर बोन सिमेंट, टायटॅनियमची जाळी किंवा पीक (PEEK, एक टणक प्लास्टिक). पीक महाग पडतं. जाळीचा खर्च योजनेत बसतो का, हे समाजसेवा अधीक्षकांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे, ॲडमिशनलाच विचारा.

सिमेंटची पावडर आणि द्रव एकत्र केले की नाकात जाणारा उग्र वास सुटतो. आधी पातळ, मग कणकेसारखा गोळा होतो आणि ग्लव्हजला चिकटेनासा झाला की आकार द्यायचा. घट्ट होताना ते चांगलंच तापतं. म्हणून ड्युरावर ओला कॉटन ठेवा, सलाइन सोडत राहा. जमलं तर बाहेरच घट्ट होऊ द्या.

मधोमध ड्युरा वर टांगायचा टाका घ्याच, नाहीतर खाली रक्त साचतं. ड्रेनला (साचलेलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीला) पूर्ण जोराचं सक्शन लावू नका. हाड बसवल्यावर काही तासांत मेंदू प्रचंड सुजून पेशंट दगावल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, आणि त्यात निगेटिव्ह सक्शनवर संशय आहे. फिटच्या गोळ्याही चालू ठेवा.

नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, हाड बसवल्यावर याचा हात चालायला लागेल का?" काहींचं बोलणं, लक्ष, चालणं खरंच सुधारतं, विशेषतः फ्लॅप आत गेलेला असेल तेव्हा. पण तसा शब्द देऊ नका. मुलांमध्ये आणि तुकडे झालेल्या हाडात ते पुढे झिजू शकतं, म्हणून वर्षभर तरी ओपीडीत बोलवा. कानशिलावर थोडा खड्डा राहतो, कारण तिथला स्नायू वाळलेला असतो. हे संमतीपत्रावर सही घेतानाच सांगा. टाके काढताना सांगितलंत तर नातेवाइकांना ती सारवासारव वाटते.