मुलांचं कोलाज बिघडतं कुठे? कागद चिकटवताना या चुका टाळा

रविवारी दुपारी घरभर पसारा मांडून केलेलं कोलाज सोमवारी सकाळी पाहावं, तर कागदाची होडी झालेली असते, कडेची लोकर सुटून लोंबत असते आणि पतंगाच्या लाल कागदाने शेजारचे ढग गुलाबी करून टाकलेले असतात. मूल हिरमुसतं आणि घरातली मोठी माणसं ठरवून टाकतात, ‘याला काही क्राफ्ट जमत नाही.’ हा निकाल मला नेहमीच अन्यायाचा वाटत आला आहे. लहान मुलांचे वर्ग घेताना एक गोष्ट वारंवार दिसते. पाच-सहा वर्षांच्या मुलाची रंगाची आणि आकाराची जाण बहुतेक वेळा चोख असते. चित्र बिघडतं ते आपण त्याच्या हातात दिलेल्या सामानामुळे आणि वाळायला न दिलेल्या वेळामुळे, आणि या दोन्ही गोष्टी मोठ्यांनी सांभाळायच्या असतात.

पाया पातळ आणि वरचं सामान जड

वहीचं पान किंवा झेरॉक्सचा कागद पाया म्हणून देणं ही सर्रास होणारी चूक. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असतो. त्याच्यावर ओला गोंद लागला की तो ढेपाळतोच. कोलाजसाठी निदान २०० जीएसएमची कार्डशीट घ्या, आणि डाळ, बटणं, काड्या असं काही चिकटवायचं असेल तर सरळ पुठ्ठा. विकत आणायची गरज नाही. बुटांचे खोके, नव्या शर्टाच्या आतला पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरचं जाड पाठपान हे सगळं उत्तम चालतं. लग्नपत्रिकांचा तर मी विशेष आग्रह धरते. कागद दणकट असतो आणि त्यावरची सोनेरी वेलबुट्टी कापून चित्रात वापरता येते.

कागद का वळतो, हे समजून घेतलं तर पुढचे उपाय आपोआप सुचतात. कागद तंतूंचा बनलेला असतो. पाणी लागलं की हे तंतू फुगतात, लांबीपेक्षा रुंदीत जास्त. वाळताना ते पुन्हा आक्रसतात. एकाच बाजूला गोंद लावला की तीच बाजू आक्रसते आणि पायाला आपल्याकडे ओढून घेते. यंत्रावर बनलेल्या कागदात बरेचसे तंतू एकाच दिशेने असतात, म्हणून तो एका बाजूने जास्त वळतो. ही दिशा ओळखणं सोपं आहे. कागद घडी न पाडता आधी आडवा, मग उभा हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या घडीच्या रेषेला समांतर तंतू असतात. वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघते आणि आडवं फाडलं तर वेडंवाकडं फाटतं, तेही याचमुळे. मुलांना हे करून दाखवा, त्यांना फार मजा वाटते. पूर्ण पार्श्वभूमीला मोठा कागद चिकटवायचा असेल, तर त्याची आणि पायाची तंतूंची दिशा एकच ठेवा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पायाच्या मागच्या बाजूलाही तसाच एक साधा कागद चिकटवणं. मग दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. चित्र सपाट असेल तर अर्धवट वाळल्यावर त्यावर बटर पेपर ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. वर्तमानपत्र ठेवू नका, ते चिकटून बसतं आणि शाई उतरते. आधीच वळलेलं चित्र असेल तर पाठीवरून किंचित ओलसर फडकं फिरवा आणि मग असंच दाबून ठेवा. बहुतेक वेळा ते सरळ होतं.

जास्त फेविकॉल म्हणजे जास्त पक्कं, हा समज

बाटली मुलाच्या हातात दिली की तुकड्याच्या मध्यावर भला मोठा ठिपका पडतो. मधला भाग पोचट होतो आणि कडा तशाच उघड्या राहतात. कडा उचकटल्या की चित्र गेलंच. म्हणून बाटली बाजूला ठेवा. झाकणात किंवा छोट्या वाटीत थोडा फेविकॉल काढून द्या आणि सोबत एक जाडसर ब्रश. तुकडा जुन्या मासिकाच्या पानावर उलटा ठेवायचा, मधून बाहेर अशा दिशेने ब्रश फिरवत थेट कडेच्या बाहेरपर्यंत न्यायचा, उचलून जागेवर ठेवायचा आणि कोरड्या फडक्याने मधून कडेकडे दाबत न्यायचं. पुढच्या तुकड्याला मासिकाचं नवं पान. हे पान बदलणं विसरलं की पुढच्या तुकड्याच्या चेहऱ्यावर गोंद लागतो, आणि तो डाग वाळल्यावर चकाकतो.

पातळ कागदाला तीन भाग फेविकॉलमध्ये एक भाग पाणी पुरतं. पुठ्ठा, कापड, लाकडी काड्या यांना पाणी अजिबात घालू नका. पतंगाचा कागद, जिलेटिन आणि गुळगुळीत मासिकांची पानं यांना ग्लू स्टिक बरी. मासिकाचं पान ओलं झालं की पाठीवरची अक्षरं पुढे दिसू लागतात, ग्लू स्टिकने ते टळतं.

चॉकलेटची चांदी प्लास्टिकवर का चिकटत नाही, असं मुलं हमखास विचारतात. फेविकॉलमधलं पाणी उडून जावं लागतं, तेव्हा तो धरतो. दोन्हीही पृष्ठभाग पाणी न शोषणारे असले तर पाण्याला वाट मिळत नाही आणि तो आत ओलाच राहतो. एका बाजूला कागद असू द्या, नाहीतर दुहेरी चिकटपट्टी वापरा.

घरी मैद्याची खळ करत असाल तर अतिशय उत्तम. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. एकूण चार-पाच वाट्या पाणी लागेल असा अंदाज ठेवा आणि मंद आचेवर अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळा. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मुलांच्या कामात तो कधीही घालू नका, तो विषारी आहे. खळ आंबली तर टाकून नवी करा.

क्रम चुकतो, मग रंगच धरत नाही

हे दुखणं शाळेच्या प्रदर्शनांत फार दिसतं. मुलाने आधी तेलखडूने आकाश घासून रंगवलेलं असतं आणि वर कागदाचे पक्षी चिकटवलेले असतात. दुसऱ्या दिवशी सगळे पक्षी खाली. तेलखडूत मेण आणि तेल असतं, त्यावर पाण्याचा गोंद धरत नाही. उलट गोष्टही घडते. फेविकॉल वाळून त्याचा पापुद्रा झाला की त्यावर जलरंगाचे थेंब नुसते घरंगळतात.

म्हणून जलरंगाचं काम सगळ्यात आधी, आणि ते पूर्ण वाळू द्यायचं. मग कागद, आधी मोठे आणि मागचे, नंतर छोटे आणि पुढचे. त्यावर कापड आणि लोकर, मग जड वस्तू. डोळे, खिडक्या, पावसाच्या रेघा असे बारकावे तेलखडूने किंवा पेनाने अगदी शेवटी. हा क्रम एकाच बैठकीत पुरा होत नाही, आणि होऊही नये. एक दिवस पार्श्वभूमी, दुसऱ्या दिवशी चिकटकाम असं वाटून घ्या. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तर वाळायला दुप्पट वेळ धरा. ओला फेविकॉल पांढरा दिसतो आणि वाळला की पारदर्शक होतो, ही खूण मुलांना शिकवा. मग ती स्वतःच तपासतात आणि ‘झालं का, झालं का’ थांबतं.

क्रेप आणि पतंगाच्या कागदाचा रंग पाण्याने सुटतो. सुटायला नको असेल तर कोरडा गोंद, म्हणजे ग्लू स्टिक. पण मुद्दाम सुटू दिला तर सूर्यास्ताचं आकाश असं काही होतं की ब्रशने होणार नाही. पांढऱ्या कार्डशीटवर तुकडे ठेवायचे, वरून ओला ब्रश फिरवायचा, वाळल्यावर तुकडे उचलून टाकायचे.

पानं, डाळी, कापड

ताजं पान चिकटवलं की चार दिवसांत ते तपकिरी होऊन आक्रसतं, आणि गोंदाखाली ओल राहिली तर बुरशी येते. पानं, फुलांच्या पाकळ्या वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवून जाड पुस्तकाखाली निदान आठवडाभर दाबा. मधे एकदा वर्तमानपत्र बदला. पिंपळ, चिंच, गुलमोहर, नेचे ही सपाट पातळ पानं छान वाळतात. कोरफड, पानफुटी अशी रसाळ पानं या कामाची नव्हेत.

डाळी-तांदळाची चित्रं शाळांना फार आवडतात. मला त्यांचा मोह नाही, कारण काही महिन्यांत त्यांना कीड लागते आणि ती स्वयंपाकघरापर्यंत जाते. करायचीच असतील तर थोडी करा आणि जास्त दिवस ठेवू नका. तीन वर्षांखालच्या मुलांना तर डाळी, मणी, बटणं, टिकल्या अजिबात नकोत. दाणा नाकात जातो, कानात जातो, घशात अडकतो. त्या वयाला फाडलेला कागद पुष्कळ आहे.

अंड्याची टरफलं वापरायची असतील तर साबणाने धुवा, आतला पापुद्रा सोलून काढा आणि उन्हात कडक वाळवा.

कापडाच्या कडांचे दोरे सुटतात आणि मूल ते ओढत बसतं. यावर एक हमखास युक्ती आहे. कापायच्या आधी कापडाच्या उलट बाजूला फेविकॉलचा पातळ थर द्या, वाळू द्या आणि मग कापा. कापड कागदासारखं कडक होतं, कात्री सरळ चालते आणि दोरा सुटत नाही. लोकरीला गोंद लावू नका. कागदावर गोंदाची रेघ ओढा आणि तिच्यावर लोकर ठेवत जा.

कात्री

तीन-चार वर्षांच्या मुलाला कात्रीआधी फाडायला शिकवा. बोटांना बळ त्यातूनच येतं. कात्री देताना बोथट टोकाची द्या, पण धार मात्र चांगली असू द्या. धार नसलेल्या कात्रीत कागद दुमडतो आणि मुलाला वाटतं चूक आपली आहे. वळण कापताना कात्री नव्हे तर कागद फिरवायचा, अंगठा वर ठेवायचा. डावखुऱ्या मुलासाठी डाव्या हाताची कात्री आणा. नेहमीच्या कात्रीत डाव्या हाताने कापताना वरच्या पात्यामुळे रेघ दिसत नाही आणि पाती एकमेकांपासून फाकतात. ‘उजव्या हाताने काप’ म्हणून मागे लागू नका.

साचा भरून घेणं

माझा खरा जीव इथे अडतो. पोपटाची छापील आकृती द्यायची, हिरव्या मार्बल पेपरचे एकसारखे बारीक तुकडे करून द्यायचे आणि रेषेच्या आत भरून घ्यायचे. वर्गात चाळीस मुलं, चाळीस पोपट एकसारखे. यात बोटांना व्यायाम होतो हे खरं, पण मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो. कोणता कागद, केवढा, कुठे, कशावर कशाने झाकायचं, हे ठरवणं म्हणजेच कोलाज.

हेन्री मातीस या फ्रेंच चित्रकाराची १९४१ साली मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढच्या काळात त्याने रंगवलेल्या कागदांत थेट कात्री चालवून चित्रं केली, आधी रेखाटन न करता. लंडनच्या टेट संग्रहालयात त्याची १९५३ सालची ‘गोगलगाय’ आहे. रंगीत कागदाचे ओबडधोबड चौकोनी तुकडे गोलाकार फिरत गेलेले आणि तेही पावणेतीन मीटरहून मोठ्या चौकोनात. मुलांना ते दाखवलं की ‘असंही चालतं?’ हा प्रश्न येतो, आणि कामाला सुरुवात होते. आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी १९५७ साली शस्त्रक्रियेनंतर पूर्ण आंधळे झाले, तरी पुढे कागद कापून चिकटवून चित्रं करत राहिले.

मग द्यायचं काय? एक विषय आणि चार-पाचच प्रकारचं सामान. सगळी पेटी समोर उपडी केली तर मूल गोंधळतं आणि प्रत्येक गोष्ट थोडी थोडी लावून टाकतं. एका मुलीला मी ‘समुद्र’ एवढंच सांगितलं होतं आणि निळा मार्बल पेपर, जुनं कॅलेंडर, जाळीचं कापड दिलं होतं. मार्बल पेपरची पाठ पांढरी असते. तिने पट्ट्या फाडल्या तर कडेला पांढरी किनार उमटली. ती थांबली, किनार नखाने आणखी खरवडून रुंद केली आणि म्हणाली, ‘हा फेस.’ मग तिने सगळ्या लाटा तशाच लावल्या, किनार वर करून. कापलेल्या सरळ पट्ट्यांनी हे कधीच झालं नसतं. फाडताना एका तुकड्याला किनार जास्त येते, दुसऱ्याला कमी. दोन्ही बाजूंनी फाडून मुलांना शोधू द्या.

चिकटवण्याआधी सगळं कोरडंच मांडायला सांगा. मांडणी हलवून पाहायची, आवडली की मोबाइलवर फोटो काढायचा आणि फोटो पाहत चिकटवायचं. पंख्याचं बटण तेवढ्यापुरतं बंद ठेवा. आणि ‘थोडं मी नीट करते’ म्हणत शेवटचा हात फिरवू नका. मुलाला ते कळतं.

काही गोष्टी मुलांपासून दूर

झटपट चिकटणारा गोंद मुलांच्या हाती नको. त्वचा चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर पडला तर इतका तापतो की भाजू शकतं. उग्र वासाचे, चामड्याला वापरतात तसले गोंदही नकोत. त्यांच्या वाफा वाईट असतात आणि ते थर्माकोल विरघळवतात. ग्लू गन मोठ्यांनीच चालवायची.

झालेलं चित्र सावरायचं असेल तर

कागदाखाली हवेचा फुगा राहिला तर वाळल्यावर सुईने बारीक भोक पाडा, पातळ फेविकॉल थेंबभर आत सोडा आणि दाबा. कड उचकटली तर दातकोरणीने आत गोंद सरकवा. चुकीच्या जागी चिकटलेला तुकडा ओढून काढू नका, त्याच्यावर दुसरा लावा. खालचा अर्धवट दिसला तरी चित्र बिघडत नाही, उलट भरतं. वर्तमानपत्राचे तुकडे उन्हात लवकर पिवळे पडतात, म्हणून चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका. लॅमिनेशनच्या यंत्रात फक्त सपाट कागदी चित्र घाला. बटणं, लोकर असलेल्या चित्राला खोलगट फ्रेम करून घ्या, म्हणजे काच वस्तूंना टेकणार नाही.